वाचकांचे प्रश्न : गाण्यात अलंकार बसवताना

या अंकासाठी अलंकारांविषयी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी गीते लिहू पाहणाऱ्यांची आहेत. त्यामुळे व्याख्या लागतील तेवढ्याच दिल्या आहेत. भर आहे तो अलंकार ओळीत कसा बसतो, कुठे बिघडतो आणि ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतो की नाही, यावर.

प्रश्न : उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांतला फरक परीक्षेपुरता पाठ केला होता. गीत लिहिताना त्याने खरोखर काही फरक पडतो का?

पडतो, आणि बराच पडतो. उपमेचे चार भाग असतात. ज्याचे वर्णन करायचे ते उपमेय, ज्याच्याशी तुलना करायची ते उपमान, दोघांत सारखा असलेला गुण म्हणजे साधारणधर्म आणि ती तुलना बोलून दाखवणारा साधर्म्यवाचक शब्द. ‘तुझे डोळे विहिरीसारखे खोल’ या ओळीत चारही भाग हजर आहेत. आता याच एका तुलनेची रूपे पाहा.

जणू विहीरच तुझे डोळे : उत्प्रेक्षा.
तुझ्या डोळ्यांच्या विहिरीत मी वाकून पाहिले : रूपक.
हे डोळे नव्हेत, ही विहीर आहे : अपन्हुती.
तुझ्या डोळ्यांपुढे विहीरही उथळ : व्यतिरेक.
हे डोळे की विहिरी? : ससंदेह.
तहानलेले पाखरू तुझ्या डोळ्यांपाशी उतरले : भ्रान्तिमान.
तुझे डोळे तुझ्या डोळ्यांसारखेच : अनन्वय.

कल्पना एकच, पण गाणाऱ्याची मनःस्थिती दर वेळी वेगळी. उपमा देणारा अजून शुद्धीवर आहे, दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्याला माहीत आहे. उत्प्रेक्षेत तो कल्पनेकडे झुकतो. रूपकात भेद संपतो. अपन्हुतीत तर डोळे डोळे आहेत हे तो नाकारतोच. ससंदेह गोंधळलेल्याचा, अनन्वय हात टेकलेल्याचा. म्हणून अलंकार ठरवण्याआधी गाणारे पात्र किती भारावले आहे ते ठरवावे. पहिल्या भेटीच्या गाण्यात पहिल्याच ओळीला अपन्हुती आली की पुढे चढायला जागा उरत नाही. पहिल्या अंतऱ्यात उपमा, दुसऱ्यात उत्प्रेक्षा, शेवटच्यात रूपक किंवा अपन्हुती असा चढ ठेवला, तर एकच उपमान तीन अंतरे पुरते आणि ऐकणाऱ्याला भावना वाढत गेल्याचे जाणवते.

दुसरा फरक जागेचा. मात्रा म्हणजे अक्षर उच्चारायला लागणारा वेळ : ऱ्हस्व म्हणजे लघू अक्षराची 1, दीर्घ म्हणजे गुरू अक्षराच्या 2. ‘सारखे’ या शब्दाला 5 मात्रा लागतात (सा 2, र 1, खे 2). ‘जणू’ला 3, ‘सम’ला 2, ‘जणू काही’ला तब्बल 7. रूपकाला साधर्म्यवाचक शब्दच नसल्याने तिथे 0. आठ मात्रांच्या चरणात पाच मात्रा ‘सारखे’ने खाल्ल्या की क्रियापदाला घर उरत नाही.

साधारणधर्म गाळला तर ती लुप्तोपमा होते. ‘तुझे डोळे विहिरीसारखे’ म्हणजे खोल, काळोखे की आटलेले? छापील कवितेत वाचक थांबून विचार करतो. गाण्यात तोवर पुढची ओळ आलेली असते. तेव्हा धर्म गाळायचा असेल तर तो लगेच पुढच्या ओळीतून कळला पाहिजे, दोन ओळी सोडून कळून उपयोग नाही.

प्रश्न : संगीतकाराने चाल आधी दिली आहे. मात्रा मोजून बरोबर येतात, तरी ओळ गाताना अडखळते. असे का?

बहुतेक वेळा मात्रांची बेरीज बरोबर असते, पण शब्द कुठे तुटतो ते पाहिलेले नसते. वरचेच उदाहरण घेऊ. ‘तुझे डोळे विहिरीसारखे’ : तु 1, झे 2, डो 2, ळे 2, वि 1, हि 1, री 2, सा 2, र 1, खे 2. एकूण 16. चाल आठ-आठ मात्रांची असेल तर पहिला भाग ‘वि’वर संपतो आणि दुसरा ‘हिरीसारखे’ने सुरू होतो. गायक तिथे किंचित श्वास घेतो आणि ऐकणाऱ्याला ‘हिरी’ नावाची कुठलीशी नवीच वस्तू ऐकू येते. उपमानच तुटले, म्हणजे अलंकार गेला.

आता ओळ रूपकाच्या अंगाने फिरवू : ‘डोळ्यांत तुझ्या विहीर जागी’. डो 2, ळ्यां 2, त 1, तु 1, झ्या 2, झाले 8. वि 1, ही 2, र 1, जा 2, गी 2, हेही 8. ‘सारखे’ गेल्याने ‘जागी’ला जागा झाली आणि ‘विहीर’ दुसऱ्या भागाच्या पहिल्याच मात्रेवर, म्हणजे जोराच्या ठिकाणी अखंड बसली. उपमान नेहमी अशा जोराच्या जागी यावे आणि साधर्म्यवाचक शब्द हलक्या जागी.

मोजताना जोडाक्षरापाशी चूक होते. जोडाक्षराचा आघात मागच्या लघू अक्षरावर पडत असेल तरच ते गुरू धरायचे. ‘सत्य’मध्ये ‘स’वर आघात आहे, म्हणून 2 आणि 1. ‘तुझ्या’मध्ये ‘तु’वर आघात नाही, म्हणून 1 आणि 2. डोळ्यांनी मोजू नका, मोठ्याने म्हणून मोजा.

लांबवायच्या स्वरावर कोणता शब्द येतो तेही पाहावे. आ, ओ, ए हे उघडे स्वर ताणता येतात. उंच पट्टीत ‘ई’ आणि ‘ऊ’ आवळले जातात आणि शब्द ओळखू येईनासा होतो. अलंकाराचा कणा असलेला शब्द अशा जागी ‘ऊ’कारान्त असेल तर त्याला पर्याय शोधावा. चाल बदलून मागण्यापेक्षा ते सोपे पडते.

प्रश्न : माझ्या गीतात ध्रुवपदात एक प्रतिमा आहे आणि प्रत्येक अंतऱ्यात नवी. एका मित्राचे म्हणणे, गाणे विस्कळीत वाटते. प्रतिमा जास्त असणे हा दोष आहे का?

संख्या हा दोष नाही, गल्लत हा दोष आहे. ‘आठवणींचे रोप फुलले, वाऱ्यावरती विझून गेले.’ फुलणे रोपाचे, विझणे दिव्याचे. लिहिणाऱ्याच्या मनात ओळ संपेपर्यंत उपमान बदलले आणि त्याच्या ते लक्षातही आले नाही. अशी चूक क्रियापदात लपलेली असते. म्हणून ओळीतली फक्त क्रियापदे वेगळी काढून ती त्या उपमानाला शोभतात का ते तपासावे.

एकच उपमान अंगोपांगांसह शेवटपर्यंत निभावले तर ते सांगरूपक. ते बांधायची एक पद्धत आहे. समजा, नाते हे उपमेय आणि लोकरीचे विणकाम हे उपमान. आधी विणकामातले सुचतील तेवढे शब्द कागदावर उतरवा : सुया, गुंडा, वीण, सुलटा टाका, उलटा टाका, टाका सुटणे, उसवणे, गाठ, माप, ऊब. मग प्रत्येकासमोर नात्यातली जुळणारी गोष्ट लिहा. टाका सुटणे म्हणजे वेळेवर न बोललेला शब्द. उसवणे म्हणजे भांडण. गाठ म्हणजे तडजोड, जी उलट्या बाजूला असते आणि समोरून दिसत नाही. ऊब उघडच आहे. ‘सुया’ आणि ‘माप’ यांच्यासमोर काही सुचत नसेल तर ते शब्द सोडून द्या. ओढूनताणून जुळवलेले अंग सगळे रूपक कृत्रिम करते. तीन अंतऱ्यांच्या गीताला चार अंगे भरपूर झाली.

उपमानाची खरी माहिती असेल तर ती इथे कामाला येते. विणताना एक टाका सुटला की त्याच्या खालचे टाके एकामागून एक सुटत जातात. हे ठाऊक असणारा ध्रुवपदात ‘एकच टाका सुटला होता’ एवढेच लिहील आणि पुढचे अंतरे आपोआप मिळतील. पहिल्या अंतऱ्यानंतर त्या ओळीचा अर्थ ‘एक शब्द राहून गेला’ असा लागेल, दुसऱ्यानंतर ‘सगळे उसवत गेले’ असा, तिसऱ्यानंतर ‘तो एकच तर उचलून घ्यायचा होता’ असा. ध्रुवपदातल्या अलंकाराचे काम हेच. शब्द तेच राहावेत आणि प्रत्येक फेरीला अर्थ पुढे सरकावा. ज्या प्रतिमेचा अर्थ पहिल्याच वेळी पूर्ण संपतो तिला अंतऱ्यात जागा द्या, ध्रुवपदात नको.

एका उपमेयाला ओळीने अनेक उपमाने देण्याचीही जुनी रीत आहे, तिला मालोपमा म्हणतात. ती चालते, कारण तिथे प्रत्येक ओळीची ठेवण एकसारखी असते आणि ऐकणाऱ्याला यादी चालली आहे हे कळते. तुम्हाला प्रतिमा बदलायच्याच असतील तर हा मार्ग घ्या : एक ओळ, एक उपमान, आणि ते त्याच ओळीत पूर्ण.

प्रश्न : यमक जुळते, पण गीत बालिश वाटते. काय चुकत असेल?

मराठीत वाक्याच्या शेवटी क्रियापद येते. सहज लिहीत गेले की यमकाच्या जागी आले, गेले, झाले, येते, जाते असलेच शब्द जमतात. ऐकायला ते जुळल्यासारखे वाटतात, पण जुळलेला असतो फक्त प्रत्यय. तपासायची युक्ती सोपी आहे : प्रत्यय खोडून उरलेला भाग पाहा. ‘येते’ आणि ‘जाते’ यांतून ‘ते’ काढले की ‘ये’ आणि ‘जा’ उरतात, काहीच जुळत नाही. ‘भिजते’ आणि ‘निजते’ यांतून काढले की ‘भिज’ आणि ‘निज’ उरतात, म्हणजे यमक खरे आहे.

अंगणात सर आली
सारी माती ओली केली

आठ-आठ अक्षरे आहेत, पण ‘आली–केली’त फक्त ‘ली’ची जुळणी. क्रियापद आत ओढून नाम शेवटी आणले की ओळ उभी राहते :

अंगणात आली सर
ओले झाले सारे घर

क्रियापद शेवटी ठेवायचेच असेल तर गझलेची रीत उसनी घ्यावी. ‘आले’ हा शब्द रदीफ म्हणून दोन्ही ओळींत तसाच ठेवायचा आणि खरे यमक त्याच्या आधी जुळवायचे : गाव आले, नाव आले.

च आणि ज यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत, तिकडेही लक्ष हवे. ‘आवाज’ आणि ‘समाज’ कागदावर चोख जुळतात, पण तोंडात ‘आवाज’चा ज दन्ततालव्य, म्हणजे जीभ दातांमागे टेकवून केलेला, आणि ‘समाज’चा तालव्य, म्हणजे टाळूला टेकवून केलेला. ध्वनिमुद्रणात हा फरक उघडा पडतो. उलट ‘मन’ आणि ‘क्षण’ कागदावर जुळत नसले तरी चालीत पुष्कळदा खपून जातात. तरी ध्रुवपदाच्या पहिल्या जोडीत अशी सवलत घेऊ नये, कारण तीच जोडी सगळ्यांत जास्त वेळा ऐकली जाते.

आणि यमकासाठी अर्थ वाकवू नका. दुसरी ओळ जमत नसेल तर पहिल्या ओळीचा शेवट बदलावा. बहुतेक नवे गीतकार पहिली ओळ पवित्र मानून दुसरीला छळतात, आणि सगळी ओढाताण तिथूनच सुरू होते.

प्रश्न : श्लेष गाण्यात चालतो का? आणि श्लेष व यमक यांची सीमा कुठे?

इथे यमक म्हणजे वर पाहिलेली ओळीअखेरची जुळणी नव्हे, त्या नावाचा अलंकार. तोच अक्षरसमूह पुन्हा येऊन वेगळा अर्थ देतो तेव्हा यमक. ‘वाट पाहता पाहता वाट पुसून गेली’ यात ‘वाट’ दोनदा आला, दोन अर्थांनी. शब्द एकदाच येतो आणि दोन अर्थ देतो तेव्हा श्लेष :

घरात कोणी उरले नाही
खिडकी अजून वाट पाहते

खिडकी रस्त्याकडे तोंड करून आहे आणि ती कुणाची तरी वाटही पाहते आहे. शिवाय खिडकीला माणसाचा भाव दिल्याने चेतनगुणोक्तीही साधली. गाण्यात असाच श्लेष टिकतो, ज्यात एक अर्थ हुकला तरी दुसऱ्यावर ओळ पूर्ण उभी राहते. दोन्ही अर्थ कळल्याशिवाय ओळच लागत नसेल तर तो श्लेष कागदासाठी ठेवावा.

शब्द तोडून दुसरा अर्थ काढायचा तो सभंग श्लेष. गाण्यात त्याचा धोका वेगळाच आहे : तुम्ही केला नसला तरी चाल तो करते. ‘जाणीव’ शब्दातला ‘जा’ लांब स्वरावर आला आणि मग थोडी विश्रांती आली, तर ऐकणाऱ्याला आधी ‘जा’ ऐकू येते. ‘मरवा’ तुटला तर ‘मर’. गीत चालीवर गाऊन पाहताना प्रत्येक विश्रांतीच्या आधीचे अक्षर सुटे ऐकावे.

प्रश्न : अनुप्रास किती असावा?

एका ओळीत तेच व्यंजन तीनदा आले तर कानाला गोड लागते. पाच-सहादा आले की ओळ जीभ वळवण्याचा खेळ होते आणि अर्थ मागे पडतो. जलद लयीत भ, ध, घ यांची रांग लावू नये, महाप्राणांना श्वास जास्त लागतो. स आणि श यांची गर्दी मायक्रोफोनसमोर सुसकाऱ्यासारखी ऐकू येते. प, फ, ब यांनी हवेचा धक्का बसतो. ल, ळ, म, न, ण, र यांचा अनुप्रास संथ चालीत निर्धास्तपणे वापरावा.

प्रश्न : एकूण अलंकार किती? सगळे शिकावे लागतील का?

भरताच्या नाट्यशास्त्रात चारच सांगितले आहेत : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या ग्रंथांत ही संख्या शंभराच्या वर गेली. गीतकाराला वर आलेले आणि त्यांत विरोधाभास, अतिशयोक्ती, दृष्टान्त व स्वभावोक्ती मिळवली तर पुरते. स्वभावोक्तीला कमी लेखू नका. जसे आहे तसे, पण नेमके टिपणे हाही अलंकारच आहे आणि गीतातल्या निम्म्याहून अधिक ओळी त्याच असाव्यात असे आमचे ठाम मत आहे. प्रत्येक ओळीत उपमा असेल तर एकही लक्षात राहत नाही.

प्रश्न : चंद्र, कमळ, भ्रमर हे सगळे वापरून झिजले आहे. नवे उपमान आणायचे तरी कुठून?

नवे उपमान शोधण्याआधी जुन्याचा साधारणधर्म बदलून पाहा. चंद्र म्हटले की सौंदर्य किंवा शीतलता, हे झिजले आहे. पण चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. त्याची एकच बाजू पृथ्वीला दिसते, कारण स्वतःभोवतीच्या आणि पृथ्वीभोवतीच्या एका फेरीला त्याला सारखाच, सुमारे 27 दिवसांचा काळ लागतो. वर्षानुवर्षे सोबत राहूनही जिची दुसरी बाजू कळली नाही अशा व्यक्तीला चंद्र म्हणा, उपमान एकदम ताजे होते. कमळ चिखलातले, हे सगळे सांगतात. त्याच्या पानावर पाणी ठरत नाही, हा धर्म दुःख न लागणाऱ्या माणसासाठी चालेल, आणि कितीही माया लावली तरी न भिजणाऱ्या माणसासाठीही. दुसऱ्या अर्थाला धार जास्त आहे.

दुसरी खाण म्हणजे आपले वाक्प्रचार. जीव टांगणीला लागणे, पाय न निघणे, मन भरून येणे, शब्द खाली पडू न देणे ही सगळी एके काळची रूपकेच. रोजच्या वापराने त्यांतले चित्र दिसेनासे झाले. ते परत दिसावे म्हणून वाक्प्रचार शब्दशः घ्या आणि त्याच्या शेजारी एक खरी वस्तू ठेवा : ‘पाय निघेना घरातून, चपला मात्र दाराबाहेर.’ चपला आल्या की ‘पाय’ पुन्हा खरे पाय होतात. इथे वस्तू एकच आणावी. दुसरी आली की चतुराई दिसू लागते आणि भाव उडतो.

प्रश्न : अलंकार ऐकणाऱ्याला कळला की नाही हे गीत देण्याआधी कसे तपासावे?

ज्याने गीत वाचलेले नाही अशा एखाद्याला ते एकदाच ऐकवा. कागद त्याच्या हातात देऊ नका, आधी काही समजावूनही सांगू नका. चाल असेल तर गाऊन, नसेल तर बोलण्याच्या सहज गतीने. मग ‘आवडले का’ असे न विचारता ‘काय दिसले’ असे विचारा. त्याने उपमान सांगितले आणि उपमेय विसरला, तर प्रतिमा भावनेपेक्षा मोठी झाली आहे. तिच्याभोवतीची विशेषणे कमी करा. उपमेय सांगितले आणि उपमान आठवले नाही, तर उपमान हलक्या मात्रेवर पडले असेल किंवा विश्रांतीने तुटले असेल. ओळीतला शब्दक्रम बदला. दोन वेगळ्या ओळींतल्या प्रतिमा त्याने एकत्र करून सांगितल्या, तर त्या फार जवळ आल्या आहेत, मध्ये एक साधी ओळ टाका. आणि त्याने तुमच्या मनात नसलेलाच अर्थ सांगितला, तर लगेच खोडू नका. तो अर्थ पूर्ण गीतात निभतो का पाहा. निभत असेल तर श्लेष हाती लागला आहे, नसेल तर ती ओळ संदिग्ध आहे आणि पुन्हा लिहायला हवी. दुरुस्तीनंतर मात्र नवा माणूस शोधावा लागतो. पहिल्याने गाणे एकदा ऐकलेले असल्याने अलंकार त्याला आता कळणारच.